जमिनीलगतचे दीड फूट : नाशिकमधील एका वसाहतीतील लाकडी खांबांच्या तपासणीचे प्रकरण

गंगापूर रोड आणि गोदावरी यांच्या मधल्या पट्ट्यात बंगल्यांची एक जुनी सहकारी सोसायटी आहे. तिच्या आतल्या तीन गल्ल्यांमधील दिवे आजही लाकडी खांबांवर लावलेले आहेत. बाहेरच्या माणसाला हे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही, कारण नाशिकच्या सार्वजनिक रस्त्यांवर आता लोखंडाचे किंवा सिमेंटचेच खांब दिसतात. बाहेरच्या रस्त्यावरची वाहिनी वीज वितरण कंपनीची आहे. फाटकाजवळच्या मीटरपासून पुढची दिव्यांची वाहिनी मात्र सोसायटीच्या स्वतःच्या मालकीची आहे आणि तिची देखभालही सोसायटीकडेच आहे. खांब एकूण बारा. त्यांपैकी अकरा साल नावाच्या वृक्षाच्या लाकडाचे, वसाहत वसली तेव्हाचे, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षांचे. अकराव्या क्रमांकाचा खांब निलगिरीचा, एका ट्रकने मूळ खांब पाडल्यावर नंतर उभा केलेला. प्रत्येकाची लांबी साधारण साडेसात मीटर असून लांबीचा सहावा भाग जमिनीत गाडण्याच्या रूढ नियमाप्रमाणे सव्वा मीटर भाग मातीत आहे.

प्रकरण सुरू झाले ते एका साध्या कामातून. एप्रिलमध्ये नवव्या खांबावरचा दिवा बदलण्यासाठी आलेल्या वायरमनने शिडी टेकवण्याआधी हातातल्या पान्याने खांबाच्या बुंध्यावर दोन-चार ठोके मारले आणि शिडी पुन्हा खांद्यावर घेतली. "साहेब, हा बद्द बोलतोय. मी याच्यावर चढणार नाही," एवढेच तो सचिवांना म्हणाला. सचिवांना ते खोटे वाटले, कारण नववा खांब फाटकासमोरचा, गेल्या गणेशोत्सवाआधी हिरव्या ऑइल पेंटने रंगवलेला आणि दिसायला सगळ्यांत धडधाकट होता. त्यांना काळजी होती ती तिसऱ्या खांबाची. तो वरपासून खालपर्यंत तडकलेला आणि हाताच्या अंतराने कललेला होता. कार्यकारिणीत दोन तट पडले. अध्यक्षांचे म्हणणे होते की सगळे बारा खांब उपटून लोखंडी बसवावेत. खजिनदारांचे म्हणणे होते की पंचेचाळीस वर्षे जे उभे आहेत ते आणखी दहा वर्षे राहतील. वीजक्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो असल्याने आणि शेजारच्याच वसाहतीत राहत असल्याने मला बोलावण्यात आले. पत्रात विनंती होती ती "खांब क्र. ३ व ९ बदलण्याबाबत अभिप्राय" द्यावा अशी. मी बाराही खांब पाहण्याची अट घातली.

खांब कुठे कुजतो

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, ऊब आणि ओल. अन्न म्हणजे लाकूडच. ऊब नाशिकच्या पावसाळ्यात आपोआप मिळते, कारण अशा बहुतेक बुरशींना मानवणारे २० ते ३० अंश सेल्सियस तापमान इथे जून ते ऑक्टोबर सलग असते. प्रश्न उरतो हवा आणि ओल यांचा, आणि खांबाच्या कोणत्या भागात कूज लागणार हे तोच ठरवतो. जमिनीच्या वर फूटभर गेल्यावर खांब ऊनवाऱ्याने लवकर सुकतो. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिली तर बुरशी वाढू शकत नाही. खोल मातीत ओल भरपूर असते, पण हवा पुरत नाही. या दोहोंच्या मधला, म्हणजे जमिनीच्या थोडा वर आणि जमिनीखाली साधारण दीड फुटापर्यंतचा पट्टा हा असा असतो की तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात. दुर्दैवाने वाऱ्याने खांब वाकू पाहतो तेव्हा सर्वांत जास्त ताणही याच पट्ट्यावर येतो.

आपल्या वाडे बांधणाऱ्या सुतारांना हे पक्के ठाऊक होते. जुन्या नाशकातला कोणताही वाडा पाहा, सागाचा खांब मातीत कधी रोवलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि म्हणून दोनशे पावसाळे काढतो. वीजवाहिनीच्या खांबाला ही चैन परवडत नाही. त्याला छप्पर आणि तुळया धरून ठेवत नाहीत. वाऱ्याला तोंड देण्यासाठी त्याला मातीतच पाय रोवावे लागतात. म्हणून तळखड्याचे काम औषधावर सोपवले गेले.

या खांबांच्या बाहेरच्या थरात खरवडल्यावर दिसणारी हिरवट छटा पाहून ते तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने भिजवलेले असावेत असे मी मानले. हे मिश्रण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये सिद्ध केले आणि पुढे जगभर ते खांबांसाठी वापरले गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. सालाच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. हे औषध बाहेरच्या फिकट रसकाष्ठात सहज शिरते, पण आतल्या गडद मध्यकाष्ठात जवळजवळ शिरतच नाही. सालाचे मध्यकाष्ठ मुळातच टिकाऊ असल्याने एरवी त्याचे काही बिघडत नाही. वन संशोधन संस्थेच्या जमिनीत पुरून घेतलेल्या चाचण्यांत ते पहिल्या वर्गात बसते. पण पहिला वर्ग म्हणजे सरासरी १२० महिने किंवा अधिक, एवढेच त्या वर्गीकरणाचे म्हणणे आहे. पंचेचाळीस वर्षांची हमी त्यात कुठेही नाही.

तपासणी

मेच्या पहिल्या आठवड्यात सलग तीन सकाळी आम्ही काम केले. वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी निर्णय व्हावा आणि मृगापूर्वी खड्डे बुजावेत असा हिशेब होता. सोबत एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, तोच वायरमन आणि पहार-कुदळ चालवणारे दोघे होते.

सर्वांत आधी वाहिनी बंद केली. मेन स्विच पाडून फ्यूज काढून ठेकेदाराच्या खिशात ठेवले. तरीही पाचव्या खांबावर टेस्टर पेटला. शोध घेतल्यावर कळले की केबल टीव्हीच्या एका अँप्लिफायरला जवळच्या बंगल्यातून वेगळा पुरवठा दिलेला आहे आणि तो कुणाच्याच नोंदीत नाही. हा प्रकार अपवादात्मक नाही. ज्या खांबावर दिव्याच्या तारेखेरीज इतरांच्याही तारा आहेत, त्या खांबावर मेन स्विच पाडणे म्हणजे पुरवठा बंद होणे असे धरून चालता येत नाही; प्रत्येक खांबावर पुन्हा टेस्टर लावूनच हात घालावा लागतो.

दुसरी दक्षता खोदण्याबाबतची. संशयित खांबाभोवती चारही बाजूंनी एकदम माती काढली, तर तपासणीच खांब पाडण्याचे निमित्त ठरू शकते. म्हणून आधी प्रत्येक खांबाला तीन दिशांना दोर ताणून बांधले आणि मग अर्धी बाजू खोदणे, पाहणे, बुजवणे व नंतर दुसरी बाजू खोदणे असा क्रम ठेवला. खोली दीड फूट.

प्रत्यक्ष पाहणी तशी जुन्या पद्धतीची होती. साधारण अर्धा किलोच्या हातोडीने जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत गोल फिरत ठोके मारायचे. शाबूत लाकूड खणखणीत वाजते आणि हातोडी उसळते. आत पोकळी असेल तर आवाज बद्द येतो आणि हातोडी जणू रुतते. वायरमनने पान्याने केले होते ते हेच, आणि ते त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते. आवाजावर मात्र थांबता येत नाही. खोल तडा असलेला चांगला खांबही कधी कधी बद्द वाजतो आणि ओले लाकूड ऐकणाऱ्याला फसवते. म्हणून त्यानंतर टोकदार सळईने टोचून पाहणे, मऊ झालेला थर खरवडून काढणे, उरलेल्या शाबूत लाकडाचा घेर टेपने मोजणे आणि जिथे आवाज संशयास्पद तिथे १० मिलिमीटरच्या गिरमिटाने जमिनीलगत तिरके खाली, गाभ्याच्या दिशेने भोक पाडणे, असे टप्पे घेतले. भोकातून येणारा भुसा बरेच काही सांगतो : ताज्या, कुरकुरीत, लालसर भुशाच्या जागी काळपट आणि ओला चुरा येऊ लागला, किंवा गिरमिट अचानक आत घसरले, की पोकळी सुरू झाली. त्या क्षणी गिरमिटावर खूण करायची. ती खूण म्हणजे बाहेरच्या शाबूत कवचाची जाडी. प्रत्येक भोक नंतर औषधात बुडवलेल्या लाकडी खुंटीने घट्ट बंद केले, नाहीतर तपासणीनेच पाण्याला वाट करून दिली असती.

काय सापडले

तिसरा खांब सगळ्यांना पडायला आलेला वाटत होता, तोच सर्वांत निरोगी निघाला. त्याचे उभे तडे लाकूड वाळताना पडलेले होते. असे तडे खांबाच्या लांबीच्या दिशेने जातात आणि त्यांनी वाकण्याची ताकद फारशी कमी होत नाही. कल होता तो लाकडामुळे नव्हे, मातीमुळे. नदीकडच्या या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि दर वर्षी खांबाची पकड थोडी थोडी सोडते. खणल्यावर बुंध्याभोवती बोटभर रुंद फट दिसली. मातीखालचे लाकूड मात्र खणखणीत होते आणि त्याचा घेर वरच्या घेरापेक्षा कमी नव्हता.

नववा खांब उघडला तेव्हा चित्र उलटे होते. काही वर्षांपूर्वी गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक बसवताना "खांबांना मजबुती यावी" म्हणून पाच खांबांच्या बुंध्याभोवती फूटभर उंचीचे सिमेंटचे कट्टे बांधले गेले होते, त्यांपैकी हा एक. लोखंडी खांबाला असा कट्टा गंजापासून वाचवतो, त्यामुळे ठेकेदाराने सवयीने तोच इथे केला. लाकडाचे वागणे वेगळे असते. उन्हाळ्यात लाकूड आकसते, कट्टा आकसत नाही. दोघांमध्ये नखभर फट पडते. पावसाचे पाणी खांबावरून ओघळत त्या फटीत उतरते आणि खाली मुरायला किंवा वर सुकायला वाट नसल्याने दिवाळीपर्यंत तिथेच राहते. याचा अर्थ असा की, कुजण्याचा पट्टा जमिनीखाली होता तो आम्ही, म्हणजे माणसांनी, फूटभर वर आणला आणि त्यावर सिमेंटचे झाकण घातले. वरून ऑइल पेंट लावल्याने आतली ओल बाहेर पडण्याचा उरलासुरला मार्गही बंद झाला. कट्टा फोडल्यावर आलेला वास पावसात भिजलेल्या पोत्यासारखा होता.

या खांबाचा घेर ७५ सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे २३.९ सेंटिमीटर. गिरमिटाने चार बाजूंनी मोजलेले कवच सरासरी अडीच सेंटिमीटर भरले, म्हणजे आतली पोकळी सुमारे १८.९ सेंटिमीटर व्यासाची. पोकळ खांबाच्या वाकण्याच्या ताकदीतली घट ही पोकळीचा व्यास आणि बाहेरचा व्यास यांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतकी असते. इथे ते गुणोत्तर ०.७९ आणि त्याचा चौथा घात ०.३९. अर्थात ३९ टक्के ताकद गेलेली, ६१ टक्के उरलेली, तीही कवच सर्वत्र सारखे आहे असे मानले तर. प्रत्यक्षात रस्त्याकडच्या बाजूला ते जेमतेम दीड सेंटिमीटर होते.

चौथा खांबही पोकळ निघाला, त्यालाही कट्टा होता, पण त्याचे कवच पाच सेंटिमीटर होते. बाहेरचा घेर तेवढाच असल्याने पोकळीचे गुणोत्तर ०.५८ आणि घट साधारण ११ टक्के. हातोडीने दोन्ही खांब सारखेच बद्द वाजत होते. गाभा गेला म्हणजे खांब गेला, असे लोकांना वाटते ते खरे नाही. वाकताना ताण सगळ्यांत जास्त बाहेरच्या थरावर येतो आणि गाभा जवळजवळ बघ्याची भूमिका घेतो. म्हणूनच बाहेरून लागलेली कूज आतून लागलेल्या कुजीपेक्षा फार महागात पडते. इथे ताकद घेराच्या तिसऱ्या घाताने घटते. सातव्या खांबाने हे दाखवून दिले. त्याचा आवाज ठीक होता, गाभा शाबूत होता. पण कट्ट्याच्या आत बाहेरचा थर ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. मीटरभर उंचीवर घेर ७२ सेंटिमीटर, आणि मऊ थर खरवडल्यावर जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर फक्त ६१. गुणोत्तर ०.८५, त्याचा तिसरा घात ०.६१. घेर ११ सेंटिमीटरने कमी झाला एवढ्यावरून कुणी घाबरणार नाही, परंतु ताकद नवव्या खांबाइतकीच उरलेली होती. हातोडीवर विसंबलो असतो तर हा खांब सुटला असता.

अकरावा, निलगिरीचा खांब मोजण्याच्या पलीकडे होता. त्याला औषध लावलेलेच नव्हते. निलगिरीच्या कोवळ्या बल्लीत रसकाष्ठाचे प्रमाण मोठे असते आणि वाळवीला ते फार आवडते. बुंध्यावरचे मातीचे नळ हाताने पुसले तेव्हा खाली कागदासारखे पापुद्रे राहिले होते. सळई मनगटापर्यंत आत गेली.

बारावा खांब गल्लीच्या टोकाचा. लाकूड चांगले होते, पण खांब गल्लीकडे ओढला गेला होता. मागच्या बाजूला त्याला ताण तार, वायरमनच्या भाषेत स्टे, होती. तिची जमिनीतली सळई गंजून पेन्सिलएवढी झाली होती. समोरून मात्र इंटरनेटवाल्यांनी आणि केबलवाल्यांनी एकूण सात तारा ओढल्या होत्या, त्यांतल्या तीन मेलेल्या, कुणीही न काढलेल्या. परिणामी अकराव्या आणि बाराव्या खांबांमधील दिव्याची तार गल्ली ओलांडताना ५.३ मीटरवर आली होती. कमी दाबाच्या वाहिनीला रस्ता ओलांडताना जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि रस्त्याच्या कडेने ५.५ मीटर उंची लागते. दर आषाढात सामानाने भरलेला टेम्पो याच टोकाला उलटा वळतो, हे तिथल्या एका काकूंनी आवर्जून सांगितले.

उरलेल्या सहा खांबांवर वरवरची कूज होती, ती खरवडल्यावर घेरात एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला नाही. दोघांच्या माथ्यावरची पत्र्याची टोपी उडालेली होती आणि त्यातल्या एकात भुंग्यांनी गोल भोके पाडली होती.

किती उरले म्हणजे पुरे

अहवाल वाचल्यावर खजिनदारांनी विचारलेला प्रश्न रास्त होता आणि तो मी टाळणार नव्हतो. त्यांचे म्हणणे असे : या खांबांवर एक हलकी तार आणि दिवा आहे, ट्रान्सफॉर्मर नाही, मग ६१ टक्के ताकदही गरजेपेक्षा पुष्कळ जास्तच नाही का?

याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत लोखंडी आधारासाठी सुरक्षागुणक, म्हणजे अपेक्षित भाराच्या किती पट ताकद हवी तो आकडा, १.५ होता, तर लाकडी आधारासाठी ३. नंतरच्या २०१० च्या विनियमांतही लाकडासाठी तो ३ च राहिला. एवढा फरक उदारपणे ठेवलेला नाही. लोखंडाच्या दोन नळ्या एकसारख्या असतात. सालाच्या दोन खांबांत गाठी, तिरक्या रेषा, वाढ आणि औषधाचे शिरणे यांत फरक असतो, आणि लाकूड झिजणार हे गृहीत असते. अमेरिकेत लाकडी खांबांची संख्या प्रचंड असल्याने तिथल्या विद्युत सुरक्षा संहितेने रेषा स्पष्ट आखली आहे : उभारताना आवश्यक असलेल्या ताकदीच्या दोन-तृतीयांशापर्यंत खांब उतरला की तो बदलायचा किंवा सावरायचा. तीनाचे दोन-तृतीयांश म्हणजे दोन. तेवढी गंगाजळी शिल्लक ठेवूनच निर्णय घ्यायचा. ६१ टक्के त्या रेषेखाली येतात. आपल्या खांबांना उभारताना गरजेपेक्षा जास्त ताकद होती हे खजिनदारांचे म्हणणे मी मान्य केले; किती जास्त, हे सांगणारा एकही कागद सोसायटीकडे नव्हता.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. आपण मोजतो ते घेर आणि कवच. कूज मात्र मोजलेल्या सीमेवर थांबत नाही. कुजण्याच्या सुरुवातीला लाकडाचे वजन जेमतेम ५ ते १० टक्के घटलेले असतानाच त्याच्या ताकदीचा मोठा भाग गेलेला असू शकतो आणि त्या वेळी ते डोळ्यांना व सळईला शाबूतच वाटते. म्हणून ६१ हा आकडा वरची मर्यादा आहे. शिवाय खांबावरचा भार फक्त तारेचा नसतो. त्यावर शिडी आणि माणूस येतो, गणेशोत्सवात पताका येतात आणि निवडणुकीत फ्लेक्स येतो. इमारतींच्या वाऱ्यासाठीच्या भारतीय मानकात नाशिकचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन दाब येतो, म्हणजे दोन चौरस मीटरचा फ्लेक्स खांबाला १८५ किलोच्या आसपास ढकलतो. नवव्या खांबावर फाटकासमोर असल्यामुळे असे फलक सर्वांत जास्त लागत. खजिनदारांनी पुढे वाद घातला नाही, पण अध्यक्षांनाही त्यांनी सोडले नाही : हाच हिशेब लावला तर मग सुस्थितीतले आठ-नऊ खांब का उपटायचे? तेही बरोबरच होते.

कारवाई

सात, नऊ आणि अकरा हे तीन खांब बदलले. औषध दिलेला सालाचा नवा खांब तीन नगांसाठी मिळवणे वेळखाऊ होते, म्हणून जस्तलेपित नळीचे लोखंडी खांब घेतले. इथे एक गोष्ट राहूनच गेली असती. लाकडी खांबाला आर्थिंग नव्हते आणि तशी सवयही नव्हती. लोखंडी आधार मात्र कायमचा आर्थ केलेला असावा लागतो. ठेकेदाराच्या पहिल्या अंदाजपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. कुजलेल्या खांबाचा धोका काढून त्या जागी विजेचा धोका उभा करण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिन्ही खांबांना आर्थिंग आणि दिव्यांच्या वाहिनीला गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण बसवल्यावरच काम स्वीकारले. ओले लाकूडही वीज वाहते, त्यामुळे ते उपकरण लाकडी खांबांच्याही उपयोगाचे आहे.

पाचही कट्टे फोडून टाकले. खांबाभोवती हातभर रुंदीची जागा पेव्हर ब्लॉकमधून मोकळी केली आणि काळी माती काढून तिथे मुरूम थराथराने भरून धुम्मसाने ठोकला; वर खांबापासून बाहेर उतार दिला. ब्लॉक काढल्याने गल्ली विद्रूप दिसते, अशी तक्रार दोन ताईंनी केली आणि ती खरीही आहे. तिसरा खांब दोर आणि पुलीने ओळंब्यात आणून त्याच्याभोवतीही मुरूम भरला. लाकडाला हात लावावा लागला नाही.

चौथ्या खांबात बोरॉनच्या कांड्या घातल्या. हे क्षार ओलीत विरघळून लाकडात पसरतात, म्हणजे जिथे ओल तिथे औषध, आणि पोकळीच्या कडेला ते नेमके हवे तिथे पोहोचतात. बाहेरच्या मातीत ते धुऊन जातात, म्हणून इतर खांबांच्या जमिनीलगतच्या पट्ट्याला खरवडून, वाळवून, तांबेयुक्त लेप लावला आणि वर जाड प्लास्टिकचे वेष्टन गुंडाळले. वेष्टनाची वरची कड मातीच्या वर चार बोटेच ठेवली, नाहीतर तोही एक कट्टाच झाला असता. माथ्यांना नव्या टोप्या बसवल्या.

बाराव्या खांबाची ताण तार आणि तिचा जमिनीतला आधार नवा केला, तारेत चिनी मातीचा इन्सुलेटर घातला आणि मेलेल्या केबली काढायला लावल्या. केबलवाले येईनात, तेव्हा वायरमननेच त्या कापून गुंडाळून त्यांच्या दुकानाबाहेर नेऊन ठेवल्या. दहाव्या खांबावर गुलमोहराची फांदी टेकत होती. तिच्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज केला, कारण झाड सोसायटीच्या आवारात असले तरी त्याची छाटणी विनापरवानगी करता येत नाही.

काढलेल्या खांबांचे काय करायचे यावर अनपेक्षित उत्साह दिसला. एका आजोबांना ते बंबात घालायला हवे होते, मुलांना होळीसाठी. निलगिरीचे तुकडे द्यायला माझी हरकत नव्हती. सातव्या आणि नवव्या खांबात मात्र आर्सेनिक होते. ते लाकूड जाळले तर धुरातून आणि राखेतून विष पसरते, आणि त्यावर पाणी तापवणे तर दूरच. तो माल वेगळा बांधून, लेखी कळवून ठेकेदाराच्या ताब्यात दिला.

प्रत्येक खांबावर डोक्याच्या उंचीवर क्रमांक आणि तपासणीचे वर्ष कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी लावली. नोंदवहीत जमिनीलगतचा घेर, कवचाची जाडी, भोके कुठे पाडली, औषध कोणते आणि खांबावर कुणाच्या तारा आहेत, एवढे लिहिले. मोठ्या वाहिन्यांवर अशी तपासणी साधारण दहा वर्षांच्या अंतराने होते. या खांबांचे वय पाहता मी चौथ्यासाठी एक वर्ष आणि इतरांसाठी दोन वर्षे सुचवली.

पावसाळ्यानंतर

त्या वर्षी गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदापात्रातील ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले असे कळल्यावर सचिवांनी मला आपणहून फोन केला. पाणी वसाहतीत शिरले नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या पुराची आठवण इकडे अजून ताजी आहे. नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा फेरी मारली. तिसरा खांब ओळंब्यात होता. चौथ्या खांबाच्या बुंध्यात, जिथे मेमध्ये ओलमापकाने ३० टक्क्यांच्या वरचा आकडा दाखवला होता, तिथे पावसाळा उलटूनही २२ भरले. बुरशीच्या दृष्टीने हे अजून सुरक्षित नाही, पण कट्टा असता तर दिसले असते त्यापेक्षा बरेच कमी. वायरमन नवव्या जागेवरच्या नव्या खांबावर चढला, तेव्हा त्याने सवयीने आधी पाना मारलाच.

सहाव्या खांबापाशी मात्र थांबावे लागले. मोकळ्या ठेवलेल्या मुरमाच्या जागेत समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी मोगऱ्याचे आळे केले होते, वेल खांबावर कमरेपर्यंत चढली होती आणि तिला रोज सकाळी दोन तांबे पाणी घातले जात होते. त्यांना वाटले होते की ब्लॉक काढले ते झाडासाठीच. आळे दोन फूट सरकवून वेल कुंपणावर चढवून दिली, बुंधा पुन्हा उघडून पाहिला, लेप जागेवर होता. नोंदवहीत सहाव्या खांबासमोर पुढच्या तपासणीची मुदत दोन वर्षांवरून एक वर्ष अशी बदलून घेतली.